एक्केचाळीस सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार

बुलडाण्यात आलो. मावशीकडे उतरलोय. बारा दिवसांचा मास्टरक्लास आहे – बातमी, कॅमेरा, आवाज, लोकांशी बोलणं. जिल्ह्यातून वीस जण निवडलेत. बीबी गावचा मी एकटाच. अर्जात ‘यापूर्वीचा अनुभव’ असा रकाना होता. तिथं ‘नाही’ लिहिलं. माझं यूट्यूब चॅनल बंद करून आठ महिने झाले, त्यामुळं ते अगदीच खोटं नाही.

शिकवणाऱ्या शैलजा मॅडम पन्नाशीच्या आहेत. बरीच वर्षं वार्ताहर होत्या. आवाज बारीक, पण मागच्या बाकापर्यंत पोचतो. आज कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. हेडफोन दिले आणि खिडकीबाहेरचं दहा मिनिटं ऐकायला लावलं. नंतर विचारलं, काय ऐकलं? मी म्हणालो, रिक्षा, पारवे, कुणाचा तरी खोकला. “खोकला बाईचा की माणसाचा?”

४ फेब्रुवारी

तीच क्लिप.

मॅडमनी पडद्यावर लावली. “गेल्या महिन्यात माझ्या बहिणीच्या ग्रुपवर आली. खाली अकोल्याचं नाव होतं. त्याआधी हीच नांदेडची म्हणून फिरली. मुलं पळवणारी बाई. बाईचा चेहरा मी झाकलाय. तुम्ही शोधायचं – कुठली, कधीची, खरं काय आणि मोबाइल कुणाच्या हातात होता.”

एक्केचाळीस सेकंद. चेहऱ्यावर राखाडी ठिपका. पण मला ठिपक्याच्या खालचं सगळं दिसत होतं. फुटलेला ओठ. कपाळावर विस्कटलेले पांढरे केस. एक डोळा मिटलेला. आणि मग मागून आवाज – “मावशी, तोंड इकडं करा. इकडं बघा.”

माझा आवाज. किती नम्र आहे!

दोघादोघांच्या जोड्या केल्या. माझ्यासोबत उंद्रीची पूनम. तिला रेडिओत जायचंय. तिनं क्लिप सहा वेळा पाहिली आणि म्हणाली, “एक पाह्यलं का तू? सगळे धक्काबुक्की करून राह्यले, पण शूट करणाऱ्याचा हात जरासा बी हालत नाई.”

मी मान हलवली. तोंड उघडायची भीती वाटली.

५ फेब्रुवारी

घसा बसलाय असं सांगितलं. दिवसभर एक शब्द बोललो नाही.

६ फेब्रुवारी

पूनमनं गाव शोधलं. क्लिपच्या कोपऱ्यात एसटी उभी आहे, तिच्या पाटीवरचं अर्धं अक्षर धरून तिनं काढलं. “बीबी हाये हे. तुझंच गाव ना?”

मी वहीत लिहून दाखवलं – हो, पण त्या दिवशी मी तिथं नव्हतो.

वाचनालयात बसून तिनं मागल्या वर्षीचे पेपर चाळले. एप्रिलमधली चार ओळींची बातमी सापडली. बीबीच्या आठवडी बाजारात मुले पळवणारी समजून वृद्धेला मारहाण. वृद्धा रोहिणखेडची. चौकशीत काही आढळलं नाही, सोडून दिलं.

“चार ओळी फक्त,” पूनम म्हणाली. “अन् ती क्लिप अजून फिरून राह्यली. शनिवारी जाऊ रोहिणखेडला.”

तिला नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

७ फेब्रुवारी

इथं तरी लिहितो.

माझं चॅनल होतं. दोन हजार लोकसुद्धा बघत नव्हते. पाण्याची टाकी, शाळेचं स्नेहसंमेलन, वाढदिवस. त्या दिवशी बाजारात कांदे घेत होतो. एका बाईची किंकाळी आली – “पोरगी नेली!” तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज येत होते. मी धावलो. आमच्या गावातल्या भगवानरावांची नात मयुरी, पाच वर्षांची. तिचा हात एका अनोळखी म्हातारीच्या हातात. म्हातारीच्या दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा. ओरडणारी मयुरीची आई. तिची सख्खी आई वारली, ही दुसरी.

पहिली चापट कुणी मारली ते माहीत नाही. मी मोबाइल काढला होता. मी मारलं नाही. हे वाक्य मी वर्षभर स्वतःला ऐकवत आलोय.

घरी जाऊन एक्केचाळीस सेकंद ठेवले, बाकीचं कापलं, टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ लाख. बाजारात लोक हात मिळवायला आले. मग पोलिसांनी तिला सोडल्याचं कळलं. मी क्लिप काढली. तोवर ती माझी राहिली नव्हती.

आता गावात पोरगं जेवत नसलं की बाया म्हणतात, गप जेव, नाहीतर ती बाई येईल. माझी वहिनी पण म्हणते. मी ताट सारून उठतो. घरात कुणाला कळत नाही का ते.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोताळ्यावरून रोहिणखेड. एसटीत पूनम प्रश्नांची यादी करत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. वाटेत प्रत्येक थांब्यावर पांढऱ्या केसांची एखादी तरी बाई चढायची आणि मी खाली बघायचो.

थांब्यावर विचारल्यावर नाव कळलं – रुखमाबाई. घर गावाच्या टोकाला. सुनेनं दार उघडलं. क्लिप म्हटल्याबरोबर ती दार लावायला लागली. आतून आवाज आला, “येऊ दे वं. लेकरं लांबून आलेत.”

चेहऱ्यावरून पदर गालापर्यंत ओढलेला. डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून पूनम उजवीकडे बसली. मी दाराशी.

“हा काऊन बोलत नाई?”

“घसा बसलाय त्याचा,” पूनम म्हणाली.

रुखमाबाई उठल्या. मीठ टाकून गरम पाणी आणलं. “गुळण्या कर बाबा. दोन दिवसांत मोकळा होते.” मी अंगणात जाऊन गुळण्या केल्या. अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

आत आलो तेव्हा त्या सांगत होत्या. पूनम मध्ये बोलली नाही. मॅडमनी शिकवलं होतं तसं – प्रश्न विचारायचा आणि गप राहायचं.

मयुरी त्यांची नात आहे. सख्ख्या लेकीची लेक.

“लेक गेली तवा पोरगी अडीच वर्साची होती. जावयानं दुसरं लग्न केलं. भगवानराव म्हणे, आता तुम्ही येत जाऊ नका, पोरीले नव्या माईची सवय लागू द्या. त्याईचं बी खोटं नोतं. पण मले राहावे ना. मंग मी बाजाराच्या दिवशी जाओ. दोन एसट्या बदलून. नवी माय सौदा घेऊन राह्यली की पोरगी हळूच माह्याकडे ये. बिस्किट खाये. तेवढंच.”

पूनमनं विचारलं, “पोलिसांना काऊन नाही सांगितलं, नात आहे म्हणून?”

“सांगतलं असतं तं भगवानरावाले ठाण्यात बोलावलं असतं. गावात गोष्टी झाल्या असत्या. पोरीले तेच घर हाये ना? मी म्हटलं, वाट चुकली.”

त्यांनी पदर गालावर आणखी ओढला. मग – “मार लागला त्याचं काई नाई. पण पोरगी वरडून राह्यली होती. काय वरडे ते आयकू आलं नाई, कानात नुसता घूं आवाज. मले भेली असन. सगळे म्हणत, चोरटी हाये. तिले बी तसंच वाटलं असन.”

त्या गेल्या एप्रिलपासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. गावातल्याही मोबाइलवर ती क्लिप आहे. शेजारची लेकरं अंगणात चेंडू आला तर न्यायला येत नाहीत.

निघताना मी पायांना हात लावला. त्यांनी पाठीवर हात ठेवला. अजून तिथं आहे तो.

९ फेब्रुवारी, रविवार

बीबीला आलो. भगवानरावांच्या अंगणात मयुरी एकटीच ठिकरी खेळत होती. भगवानराव ओट्यावर. “काय गोकुळ, कसा चालू हाय क्लास? मोठा पत्रकार होय आता.”

मी विचारलं, “ती बाई कोण होती, तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी आधी पोरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. “व्हिडिओत बघितलं तवा वळखलं.”

“मग?”

“मग काय? तोवर सगळ्या जगानं बघितलं होतं. आमची विहीण म्हणून सांगितलं असतं तर पोरीला उद्या शाळेत काय म्हणले असते?” आवाज खाली घेत म्हणाले, “घरातल्या बाया तिला त्या व्हिडिओचा भेव दाखवितात. मी उठून बाहेर येतो.”

ते पण उठून बाहेर येतात.

घरी जुना मोबाइल शोधला. चार्ज केला. कापण्याआधीची पूर्ण क्लिप त्यात आहे – दोन मिनिटं दहा सेकंद. क्लासचे हेडफोन लावले. गर्दीचा आवाज मॅडमनी दाखवलं तसा खाली घेतला. पहिल्या वीस सेकंदांत पोरीचा आवाज आहे. स्पष्ट.

“मारू नका. आजी हाय माझी. आजी हाय.”

चार वेळा.

मी हे आज पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी एवढा गलका होता की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. आज पहिल्यांदा.

१० फेब्रुवारी

मॅडम कॅमेरा कसा धरायचा ते शिकवत होत्या. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तुझा हात स्थिर आहे, छान. पूनमनं वर बघितलं.

११ फेब्रुवारी

पूनमला सांगितलं. जिल्हा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. घसा बसलेला नाही, हेही सांगितलं. ती रडेल किंवा शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “बरोबर विसाव्या सेकंदाच्या पुढूनच काऊन ठेवलं?”

“लांब झाली होती. छोट्या क्लिप जास्त चालतात.”

ती उठून गेली. दुपारी शेजारी येऊन बसली, पण वही मधे ठेवली.

१३ फेब्रुवारी

सादरीकरण. सात जोड्यांनी गाव शोधलं होतं. तीन जोड्यांनी बातमी शोधली होती. मोबाइल कुणाच्या हातात होता, ते कुणाला कळलं नव्हतं.

मी उभा राहिलो. “माझ्या हातात होता.” पूर्ण क्लिप ऐकवली, चित्र न दाखवता, फक्त आवाज. पोरीचं चौथं “आजी हाय” झाल्यावर कुणीतरी म्हणालं, बंद कर. मॅडम म्हणाल्या, “नाही. संपू दे.”

वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला थांबवलं. “हे आम्हाला सांगून काय होणार, गोकुळ? आम्ही तिचे कोण? ज्यांना सांगायचंय त्यांना सांग. आणि प्रमाणपत्र मी आत्ता देत नाहीये.”

बरोबर आहे.

१४ फेब्रुवारी

रोहिणखेड. पूनम म्हणाली, “मी येईन, पण बोलायचं तूच.”

बोललो. पहिल्याच वाक्याला रुखमाबाईंनी मान वर केली. आवाज ओळखला असावा. सून “निघ इथून” म्हणत उठली. रुखमाबाईंनी तिला हातानं थांबवलं. मी सगळं सांगितलं. मग उजव्या कानाला हेडफोन लावला.

त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं. “गर्दी नको. पोरगीच लाव फक्त.” तेवढं लावलं. किती वेळा, मोजलं नाही. दर वेळी त्यांचे ओठ पोरीबरोबर हलत होते.

“वळख दिली होती तिनं,” त्या सुनेला म्हणाल्या. “आयकलं का? भेली नोती. वळख दिली होती.” पदर डोक्यावरून खांद्यावर पडला होता, तो त्यांनी सावरला नाही. वर्षानं तो चेहरा पूर्ण बघितला, ठिपक्याशिवाय.

मी म्हणालो, तुम्ही म्हणाल ते करतो. बीबीच्या बाजारात उभा राहून माझ्या तोंडानं सांगतो. भगवानरावांना घेऊन येतो. मयुरीच्या घरच्यांना हे ऐकवतो.

त्यांनी माझी हनुवटी धरली. “करजो. पण जिवाले लावून घेऊ नको. एवढ्या गलक्यात तुले तरी कसं आयकू येईन? तुले काय मालूम होतं बाबा?”

परतीच्या एसटीत पूनमनं मधली वही उचलून पिशवीत टाकली. “सुटला तू,” ती म्हणाली.

१५ फेब्रुवारी

नऊ तारखेला लिहिलेलं ‘आज पहिल्यांदा’ खोटं आहे. त्या दिवशी बाजारातच ऐकलं होतं, माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून पोरगी म्हणत होती. घरी कापताना पुन्हा ऐकलं. आजी आहे म्हटल्यावर बातमीच उरत नव्हती. म्हणून तेवढे वीस सेकंद काढले.