शेजारणीकडे दिलेली किल्ली

तीर्थरूप आईस उभ्यानेच नमस्कार.

रागावू नकोस, वाकलं की घर गरगर फिरतं. आतल्या कानाचा आजार आहे, देवाच्या कृपेने जिवाला धोका नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. हे म्हणतात, "आता स्वयंपाक बिघडला तरी नाव डॉक्टरांचं!"

तुझे गुडघे कसे आहेत?

हे कामावर गेले की मी एकटीच, म्हणून शेजारच्या बाईंकडे किल्ली दिली आहे. त्यांची भाषा मला येत नाही. दुपारी त्या दार वाजवतात, मी आतून वाटी वाजवते, म्हणजे मी ठीक आहे.

काल मी मुद्दामच वाजवली नाही. त्या घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या आणि घटकाभर माझा हात धरून बसल्या. देवाची क्षमा मागितली आहे. पण आई, बरं वाटलं गं.

तुझी धाकटी