तेरेपाईची परवानगी

आरोरांगी, रारोटोंगा
मंगळवार

तीर्थरूप अकाइतीताईस,

धाकट्या इओतियाचा किया ओराना. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का? ऑकलंडच्या थंडीत तो जास्तच छळत असेल. इकडे आई बरी आहे. म्हणजे खाटेवरून उठत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, पण जेवण आणि रागावणं दोन्ही वेळच्या वेळी चालू आहे. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोन तिच्या उशाशी असतो आणि हल्ली तिला अंगणातल्या कोंबडीचं पाऊलसुद्धा ऐकू येतं.

दुपारी तीनला तिला तेरेपाईचं वाचन लागतं, ते तू नाताळात पाहिलंसच. तिची नजर जायला लागली तेव्हा आपल्या या भावानं अख्खा नवा करार स्वतःच्या आवाजात वाचून, ठरल्या वेळी आपोआप लागेल असा कॉम्प्युटरवर भरून ठेवला, आणि पुढच्याच वर्षी प्रवाळाच्या कड्यापलीकडे मासे धरायला गेला तो चौघांच्या खांद्यावरून घरी आला. तीन वर्षं झाली. तो अंगणात पांढऱ्या फरशीखाली, आणि त्याचा आवाज रोज तीन वाजता आईच्या खोलीत.

गेल्या महिन्यात हा आवाज अडखळायला लागला. ‘येशू उठला आणि’ एवढं म्हणून गप्प. आई खाटेवरून ओरडायची, “आणि काय? गेला कुठे?” शेवटी शेजारच्या मताइओपापांना बोलावलं. (ते तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढत होते, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा हक्क असतो.) ते म्हणाले, कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलाय, काहीतरी काढा. काढण्याजोगं काय ते लगेच सापडलं: तेरेपाईनं जमवलेले अकरा वर्षांचे रग्बीचे सामने, त्यातले बहुतेक आपल्या गावानं हरलेले. मी ते फोल्डर डिलीट करायला गेलो तर पडद्यावर आलं, की यासाठी तेरेपाईची परवानगी लागेल. मूर्खासारखं मी ते मोठ्यानं वाचलं.

“मग विचार की त्याला,” आई म्हणाली. “अंगणातच तर आहे.”

मला त्यात फार विचित्र वाटलं नाही. आपल्या जमिनीवर कोंबड्यांचं खुराडं बांधायचं तरी एकोणचाळीस वारसांच्या सह्या लागतात, आणि त्यातले चार मेलेले आहेत. मी खरंच बाहेर गेलो, त्याच्या फरशीवर वाळत घातलेले टॉवेल घडी करून घेतले आणि थोडा वेळ उभा राहून परत आलो.

तोवर पापांनी कॉम्प्युटरचा मालकच बदलायचं ठरवलं होतं. दोन तास खटपट करून त्यांनी सगळ्यावर माझं नाव चढवलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. (तेरेपाई होता तेव्हा या घरात माझ्या नावावर एक सायकल होती, आणि तीही तोच फिरवायचा.) मी पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, हे कचरापेटीत मावत नाही, कायमचं काढून टाकू का? पापा म्हणाले, “हो म्हण, काय बघतोस?” मी हो म्हटलं. सहा मिनिटं हिरवी पट्टी सरकत होती. आम्ही डोनट खात बसलो.

तीन वाजले. वाचन कुठेच नव्हतं. ते त्यानं त्या सामन्यांच्या फोल्डरमध्येच ठेवलं होतं. माझा हात लागू नये म्हणून, असं पापांचं मत. असेलही. त्याच्या लग्नाचे फोटो मीच उडवले होते.

पापांनी तीन दिवस ते परत आणायचा प्रयत्न केला. आता ते येत नाहीत. त्यांची कंबर धरलीय असं त्यांची बायको सांगते. कुंपणापलीकडे ते वाकून अळूची लावणी करताना मला दिसतात.

पहिल्या दिवशी आईला सांगितलं, वीज गेलीय. (तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता.) दुसऱ्या दिवशी बायबल घेऊन कॉम्प्युटरच्या मागे बसलो आणि आवाज खाली ओढून वाचायला लागलो. अध्यायाच्या सुरुवातीला तो खाकरायचा, तसा खाकरलोसुद्धा. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “आज तेरेपाईचा घसा बसलाय.” मी परसात जाऊन नारळाच्या ढिगाआड बसलो. किती वेळ ते माहीत नाही.

आज आठवा दिवस. लूकचं पुस्तक चालू आहे. पुढे प्रेषितांच्या पुस्तकात जहाज फुटतं तो अध्याय येईल. तो त्याच्या आवाजात कसा वाचायचा, ते मला कळत नाही.

तुझा,
इओतिया

ता. क. तुझ्या साठीला त्यानं तुझ्या फोनवर निरोप ठेवला होता ना? पुसला नसशील तर पाठव. नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील. हे सगळं पत्र त्या निरोपासाठीच लिहिलं.

ता. क. पाकीट चिकटवणार होतो, एवढ्यात आजचं वाचन झालं. आई म्हणाली, “इओतिया, तेरेपाईला सांग, इतकी घाई करू नको म्हणावं. आणि त्याला पाणी दे.” मी पाणी आणलं. ग्लास घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. मग मीच प्यालो. ती कान देऊन ऐकत होती.