मोतीरामच्या डोंग्याला पाच की दहा

३ नोव्हेंबर, सोमवार
मोतीराम दुकानात आला. धरणावर मासे धरतो. डोंगा पंधरा फुटी, लाकडी, बापाच्या वेळचा. आजवर वल्ह्यानंच चालवला. आता मागे लावायचं इंजिन घेतो म्हणतो. ‘दहा हॉर्सपॉवरचं पाहून दे, वहाबभाई.’
मी विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा माणूस. डोंग्यातलं मला काय कळतं — तसं म्हटलंही.
‘तुले इंजिन समजते, मले पाणी समजते. झालं ना मंग.’

५ नोव्हेंबर, बुधवार
धरणावर जाऊन आलो. बूड ठीक आहे. मागची फळी, जिच्यावर इंजिन आवळायचं, ती कुजकी. स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत गेला.
दहाचं इंजिन चाळीस किलोच्या आसपास, पाचचं पंचवीसेक. पोत्यात चाळीस किलो वाळू भरली, मागे ठेवली, मोतीरामला शेजारी बसवलं. डोंग्याचा काठ पाण्यावर चार बोटं उरला! पंचवीस किलोला वीतभर.
‘पाचच घे,’ मी म्हटलं.
‘काऊन बे? तिकडच्यायचे डोंगे पंधरा लावून पळतात.’
‘ते फायबरचे हायेत. तुहा पाणी लोटत जाते. दहा लावलं तरी पलीकडे जायला पाचापेक्षा चार-पाच मिनिटंच वाचतील, अन् फळी जाईल ते वेगळंच.’
तो रस्त्यापर्यंत सोडायलाही आला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मोतीराम फोन उचलत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
साखर तपासायला बुलढाण्याला गेलो होतो. दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर मोतीराम बसलेला. आत त्याची बायको, वच्छलाबाई. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आणतो. चार महिने झाले — मला बोलला नाही.
रस्त्यानं धरणाला वळसा घालून यायचं तर जीपचे धक्के तिला सोसत नाहीत. म्हणून पाण्यातून तीन किलोमीटर, मग पलीकडून एसटी. वल्ह्यानं तास जातो. परतीला ती डोंग्यात आडवीच असते.
‘तूच म्हनलं ना, चार-पाच मिनिटं वाचतात,’ तो म्हणाला. ‘तिले तेवढेबी लई हायेत.’
तरी दहा घे म्हणालो नाही. फळी फुटली, नाहीतर चार बोटांच्या काठावरून पाणी आत आलं, तर वच्छलाबाई मधल्या पाण्यात असतील.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सागाची नवी फळी बसवली. मोतीराम शेवटी तयार झाला; पाचचं इंजिन आणलं, आवळलं. वच्छलाबाई पुढे गोधडीवर बसल्या. पलीकडचा काठ एकोणीस मिनिटांत!
‘भाऊ, हे तं पाळण्यावानी हाये,’ त्या म्हणाल्या. मोतीराम वल्हं मांडीवर घेऊनच बसला होता. सवय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
इंजिनाचं पहिलं तेल बदलायला सकाळी धरणावर गेलो. चालू करून दिलं. मोतीराम डोंग्यात चढला. वच्छलाबाई काठावरच थांबल्या. ‘बस झाल्या सुया. मी नाही जात आता.’ आवाज शांत होता.
मोतीरामनं वल्हं खाली ठेवलं. मग उतरला, तिच्याजवळ दगडावर जाऊन बसला.
मी इंजिन बंद केलं.