हॉटेलातल्या खासदारास

प्रिय रणजित,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय. सध्या वाघोलीत तू फारसा कुणाला प्रिय नाहीस.

तिथं तुमचे फोन काढून घेतलेत असं तुझा कार्यकर्ता विक्रम म्हणाला, म्हणून कागदावर लिहितेय. तो तुझे कपडे घेऊन निघालाय, त्याच्याकडेच देते. निवडून आलेल्या खासदाराकडे कुणी फोन मागतं आणि खासदार तो काढून देतो, हे मला अजून समजलेलं नाही. काल टीव्हीवर दिसलास. परराज्यातल्या त्या हॉटेलच्या हिरवळीवर कॅरम खेळत होतास. शेजारच्या मालनबाई आपल्याकडेच बसल्या होत्या. गुडघे दुखत असताना भर उन्हात माझ्याबरोबर सोसायट्यांचे जिने चढल्या होत्या त्या. आमचा रणजित अपक्ष आहे, कुणाच्या दावणीला जाणार नाही, असं आम्ही दोघी दारोदार सांगत होतो. कॅरम बघून त्या उठल्या आणि घरी गेल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

प्रचारापासून मी माहेरीच अडकलेय. बहुमत कुणालाच नाही, त्यामुळे सकाळी या आघाडीची माणसं येतात, दुपारी त्या आघाडीची. चहा दोघांनाही मीच करते. एक जण मंत्रिपदाचं बोलतो, दुसरा त्याहून चांगल्या खात्याचं. निघताना सगळे आबांच्या पाया पडतात. आता समोर कुणी वाकलं की आबा पाय मागे घेतात.

इथं ग्रामपंचायत होती तेव्हा तू पहिल्यांदा निवडून आलास, तर गुलाल न झटकता थेट घरी आला होतास. आईनं दारातच ओवाळलं होतं. यंदा आई नाही म्हणून मी ताट करून उभी राहिले, आणि तू मतमोजणीवरूनच परस्पर त्या हॉटेलवाल्या आघाडीच्या माणसांबरोबर निघून गेलास. निरांजन मीच विझवलं.

असो. लिहायचं कारण वेगळंच आहे. काल कोंडीरामकाका दुसऱ्या आघाडीच्या एका माणसाला घेऊन आले. बेत असा, की आबांच्या छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात झोपवायचं, टीव्हीवाल्यांना बोलवायचं आणि मी रडायचं. मग तुला सोडावंच लागेल, आणि पुण्याला उतरलास की ते तुला उचलणार. आबा तिथंच बसले होते. म्हणाले, “पोराला बोलवायला बापाला मारता व्हय? मी हाय तसा हाय.” काका उठून गेले, पण त्यांचा भरवसा नाही. ते बातमी लावतीलच. तेव्हा नीट वाच: आबा ठणठणीत आहेत. आत्ता ओट्यावर बसून शेंगा फोडतायत. घाबरून येऊ नकोस. आपल्या मनानं यायचं असेल तर मात्र ये, आणि विमानतळाबाहेर पडून साधी रिक्षा कर. दार मी उघडेन. बोलेन की नाही, ते तेव्हा बघू.

तुझीच, अजून तरी,
शकूताई