नावं अजून पक्की केली नाहीत

१४ एप्रिल, मंगळ.

कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसलाय. नऊ सेकंदांचा तुकडा चालवून बघायला चार मिनिटं. तेवढ्यात माझा चहा होतो, पिऊन होतो, कपसुद्धा धुऊन होतो. दिवसाला किती चहा प्यायचा माणसानं? काल दिवसभर कोणाशी एक शब्द बोलले नाही. आज याच्याशी बोलले, "चल ना रे बाबा, तुझ्या पाया पडते."

मुश्ताकभाईंचा फोन. छापखाना त्यांचा. कागदाची पत्रिका ते छापतात, मोबाईलवर पाठवायची हलती पत्रिका मी इथं खोलीत बसून करते. गिऱ्हाईकाला मी कोण ते माहीत नसतं, बरंच आहे. "दीदी, जसोंडी की शादी है, लिस्ट भेजता हूँ. अगले बुधवार तक दे देना, आराम से."

जसोंडी म्हणजे माझं माहेर. मग म्हटलं, गावात काय एकच घर आहे का.

संध्याकाळी लिस्ट आली. वहीच्या पानाचा फोटो. अक्षर दादाचं. चि. सौ. कां. ऋतुजा.

माझी भाची ऋतुजा. लग्नाएवढी झाली.

१५, बुध.

बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. दादाला पूजा हवं होतं. मी म्हटलं, आळीत पाच पूजा आहेत, एक हाक मारली तर पाची धावत येतील. कुर्रर्र केलं तेव्हा बायांनी पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस पाठ दुखत होती. आज तेच नाव सोनेरी करत बसले.

लिस्ट तीनदा वाचली. चौसष्ट नावं. काका, चुलत काका, मामा, शाहपूरचे मेहुणे, धूलकोटचे दूरचे कोण ते सुद्धा. मी नाही. अगदी खाली पोरांची ओळ, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" हे मोठ्या भाच्याचं पोरगं, मी अजून पाहिलेलं नाही. तेवढा एक आत्या शब्द आहे पत्रिकेत.

१६, गुरु.

घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला बसले. नवरानवरीचे फोटो भिंतीवर लावायच्या मापाचे, ते लहान केले. गणपती तर त्याहून मोठा, त्यालाही लहान केलं, देवा माफ कर. साठलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या. प्रीव्ह्यू अर्ध्या क्वालिटीवर ठेवला. कूलरचं तोंड कॉम्प्युटरच्या डब्याकडं वळवलं आणि मी घामात. तरी ढिम्म.

मग कळलं, भानगड नावांची आहे. एकेक नाव वेगळा लेयर, म्हणजे वेगळा थर, प्रत्येकाला वेगळी चमक. दोन वर्षांपूर्वी हा साचा मीच केला, तेव्हा शहाणपण केलं होतं. आपल्या लोकांत एक काका कमी चमकला तर तो लग्नालाच येत नाही. शिवाय रोज फोन येतो, ह्याचं नाव वर घ्या, त्याचं राहिलं. म्हणून सगळी सुटी ठेवली. चौसष्ट नावं, चौसष्ट चमका. एक ना धड, भाराभर चिंध्या.

उपाय सोपा. सगळी नावं एकत्र बांधायची, एकदाच रेंडर करून त्याची एक पक्की क्लिप बनवायची आणि तीच लावायची. मग मशीनला काही मोजत बसावं लागत नाही. शिकवण्याच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला, "नाम फाइनल हो जाएँ, तभी करना." कारण नंतर एक नाव घालायचं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उपाय मिळाला. केला नाही.

१७, शुक्र.

मुश्ताकभाई: "कितना हुआ, दीदी?" म्हटलं, मशीन स्लो चल रही है. खोटं काय त्यात.

सहा वर्षं झाली. नवऱ्याचं घर दादानंच बघून दिलेलं, मित्राचं घर म्हणून. मी ते सोडून आले तर पहिलं दार त्यानंच लावलं. "नांदायला जा, नाहीतर ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." मी नांदायलाही गेले नाही आणि उंबऱ्यावरही गेले नाही. इथं बुऱ्हाणपुरात खोली घेतली, कॉम्प्युटर शिकले. दार लावलं तेव्हा वहिनी दादाच्या मागं उभी होती, डोळ्याला पदर लावून. ऋतुजा शाळेत होती तेव्हा. तिला काय सांगितलं असेल कोण जाणे.

आज गंमत म्हणून पासष्टावा लेयर केला. सौ. कल्पना लिहिलं. पुसलं. नुसतं कल्पना लिहिलं, फारच उघडं दिसलं. सौ. लावू की नको, हे सहा वर्षांत कोणी विचारलं नाही आणि मीही ठरवलं नाही. कल्पना (आत्या) असं ठेवलं. चमक लावली. छान दिसलं मेलं.

लेयरचा डोळा बंद केला, म्हणजे नाव दिसत नाही, आणि काम पुढं चालू.

१९, रवि. आखाजी.

अक्षय्य तृतीया, सगळ्या लेकी माहेरी. खाली घरमालकांच्या दोघी आल्यात, अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, सकाळपासून गाणी आणि खिदळणं. एकटीसाठी पुरण कोण वाटतो, मी खिचडी टाकली. दुपारी मालकीणबाई ताट घेऊन वर आल्या, पुरणपोळी, आमरस, कुरडई. "खा वं माय, अशी उपाशी नको बसू." उपाशी नव्हते. पण घेतलं.

जसोंडीला आमचा झोका होता. दादा इतका उंच झोका द्यायचा की आई ओरडायची.

रडले. लिहून ठेवते, रडले.

२०, सोम.

आता बस. परवा द्यायचंय. कोणाची वाट बघतेय मी? आमंत्रण देणारा तो, लिस्ट त्याची, मी कामाची बाई. पासष्टावं सोडून चौसष्ट नावं बांधली, रेंडर केली, पक्की क्लिप लावली.

असं पळालं की बघत राहिले. नऊ सेकंद म्हणजे नऊच सेकंद. दहा वेळा चालवून बघितलं. शेवटी तर सगळं तपासून अकरा वाजताच मोकळी झाले, आणि मग दिवस संपेना.

मुश्ताकभाईंना पाठवून दिलं. सुट्या नावांची जुनी फाइल पुसायला हवी होती, फार जागा खाते. राहू दिली.

२१, मंगळ.

"घरवालों ने पास कर दिया, दीदी. काका लोग भी खुश." चला, काका सगळे सारखे चमकले.

जेवताना वाटलं, दादानं बघितलं असेल. तीन वेळा तरी बघितलं असेल, त्याला आवडलं की तो पुन्हा पुन्हा बघतो. माझं काम आवडलं त्याला आणि त्याला माहीतच नाही. हसू आलं, मग नाही आलं.

चार वाजता पुन्हा मुश्ताकभाई. आवाज जरा खाली. "दीदी, लड़की का फोन आया था. पूछ रही थी, ये बनाता कौन है, बहुत सुंदर है. मैंने आपका नाम बता दिया. गलत तो नहीं किया?"

विचारलं, काय म्हणाली.

"आपका नाम दो बार पूछा, फिर फोन रख दिया."

माय वं. आता ती दादाला सांगेल. आता काम जाईल. की नाही सांगणार? मुश्ताकभाईंना म्हटलं, गलत नहीं किया.

२२, बुध.

सकाळी साडेनऊ. मुश्ताकभाई: "दीदी, वीडियो अभी फाइनल मत करना. लड़की बोली, पापा से बात करके एक नाम बढ़ाना है. दोपहर तक खुद आपको फोन करेगी. नंबर दे दिया मैंने."

कोणाचं नाव, मी विचारलं नाही. लग्नघर आहे, शाहपूरचा एखादा साडू राहिला असेल. असेलच. मी काही मनाशी धरत नाही.

पक्की क्लिप काढून टाकली. जुनी फाइल उघडली, सगळी नावं पुन्हा सुटी. मशीन पुन्हा घरघरायला लागलं, चार मिनिटं. घे बाबा, घे वेळ, आज मला घाई नाही.

पासष्टावा लेयर आहे तिथंच आहे, डोळा बंद. फक्त पुढं सौ. लावायचं की नाही, ते ठरलेलं नाही. तिचं नाव मी सांगितलं होतं. माझं कसं लिहायचं ते तिनं सांगावं, दादा हो म्हणाला तर.

दोन वाजून गेले. जेवले नाही अजून. फोन चार्जिंगला लावलाय, आवाज पूर्ण मोठा केलाय.