कावळ्याचा घास

डोंबिवली (पूर्व),
२८ एप्रिल २०२५

प्रिय राघो,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. नातीला, करिश्माला, वाचायला सांग. आजोबा उठून चालू लागला तर मागे मागे जाऊन वाच म्हणावं. आवडाबाईंना नमस्कार. माझा गुडघा तसाच आहे. लेकीने, हेमांगीने, पुण्याहून येऊन मला नवा चष्मा करून दिला.

वाघ्या कसा आहे? तुझ्या बहिणीकडे, शेवंतीकडे आंबिवलीला बांधून ठेवलाय असं देवराम वनरक्षकाकडून कळलं. खात नाही म्हणे, दाराकडे तोंड करून बसतो. हे ऐकल्यापासून माझंही जेवणावर मन नाही. पण ते असो.

यंदा तुझ्या शेतामागच्या जंगलात रातव्याच्या पाच जोड्या होत्या. घरटं कसलं, पाचोळ्यावर उघडी दोन अंडी. मादी वर बसली की पाचोळा कुठला आणि पक्षी कुठला ते कळत नाही, तेवढाच काय तो तिचा बचाव. तीन ठिकाणची अंडी गेली. तिसऱ्या जागी मला वाघ्या दिसला आणि मी देवरामसमोर, चार गाववाल्यांसमोर म्हणालो, "हाच तो. राघो, कुत्रा आवरत नसेल तर पाळतोस कशाला?"

तू शांतपणे म्हणालास, "मास्तर, माजा वाघ्या अंडी नाय खात. तो कावल्यामागं धावला."

मी हसलो. बावीस वर्षांत तुला खोटं बोलताना पाहिलं नाही, तरी हसलो. दुसऱ्या दिवशी तू त्याला रिक्षात घालून घेऊन गेलास.

वाघ्या गेल्यावर चौथ्या जागेची अंडीही गेली. तिथे देवरामने माझ्याच हट्टाने कॅमेरा लावला होता. शुक्रवारी त्याने फोटो दाखवले. पहिल्या फोटोत मीच आहे, वही घेऊन अंडी मोजायला वाकलेला. मादी उडालेली. वेळ अकरा दहा. दुसरा फोटो अकरा एकोणीसचा. डोमकावळा, चोचीत अंडं.

तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. मला माफ कर.

इथेच पत्र संपवणार होतो. काल संपवलंही होतं. पाकीट चिकटवलं आणि पुन्हा फोडलं, कारण हे अर्धंच आहे.

सुमेधाला जाऊन चौदा महिने झाले. दहाव्याला कल्याणला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. तू होतास तिथे. दीड तास उन्हात उभे राहिलो, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तिचं काय राहिलं होतं, काय बोलायचं होतं, हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून डबा उघडला की पहिला घास कावळ्याला ठेवतो. तुझ्या जंगलात ऐनाच्या झाडाखाली पहिल्यांदा ठेवला, तर एक डोमकावळा लगेच खाली आला आणि पोळीचा तुकडा घेऊन गेला. राघो, मी तिथे बसून रडलो.

मग तो रोज येऊ लागला. तुझ्या बांधावर माझी वाट बघायचा आणि झाडाझाडावरून सोबत यायचा. मी त्याच्याशी बोलायचो. हेमांगीचं, गुडघ्याचं, सगळं सांगायचो. मी अंडी मोजायला वाकलो की मादी उडायची आणि तो वरून बघायचा. जागा मीच त्याला दाखवत होतो.

आणि मला ते कळत होतं. अंडी कोण खातं हे आयुष्यभर मुलांना शिकवलंय मी. दुसरी अंडी गेली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण त्या कावळ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटेना. कुत्र्याला म्हणणं सोपं गेलं. कुत्रा तुझा होता.

पाचवी जोडी करवंदीच्या जाळीमागे आहे, तुला ठाऊक आहे. पिल्लं बाहेर यायला अजून आठ दिवस. एवढीच उरली आहे. शनिवारी मी बांधापर्यंत आलो होतो. तो आंब्यावर बसला होता. मी डबा पिशवीतून काढलाच नाही, तसाच वळलो. खडवली स्टेशनपर्यंत तो ओरडत मागे आला. मी मान वळवली नाही. असं वाटत होतं की तिलाच उपाशी ठेवून चाललोय.

देवरामला आज सगळं सांगितलंय. गावासमोरही सांगेन, तू बोलावशील त्या दिवशी. तू एक कर. हे पत्र मिळताच वाघ्याला घरी आण. बांधावर बांध, मोकळा सोडू नकोस. कावळ्याला हुसकायला त्याचं भुंकणंच पुरे आहे. जाळीकडे तूही जाऊ नकोस. आणि मी आलोच, म्हातारं माणूस आहे, मोह होतो, तर मला तिथूनच परत पाठव. चारचौघांसमोर पाठवलंस तरी चालेल.

सुमेधा असती तर म्हणाली असती, आधी राघोभावजींची माफी मागा, मग पानावर बसा. तिचं राहिलेलं हेच असेल असं नाही. पण एवढं तरी करतो.

बांधाच्या अलीकडे थांबलेला,
त्र्यंबक