नारंगी पिकला पर्याय

२ डिसेंबर, सोमवार
दुकानदार धर्मपाल म्हणाला, गिटारच्या तारा छेडायचं ते नारंगी पिक कंपनीनं बंद केलं भाऊ, आता नाही येत. घरचं शेवटचं कालच तुटलं. हरकत नाही. बारा तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी अमरावतीला जाऊन वर्षालीसमोर गिटारवर आमचं ते गाणं वाजवणार, जे ऐकून तिनं लग्नाला होकार दिला होता. ऐकलं की बॅग भरेल. दहा दिवस आहेत, भरपूर झाले.

नोंद असावी म्हणून: वर्षाली आमच्या मुलीच्या, पौर्णिमाच्या, कॉलेजसाठी अमरावतीला राहायला गेली. पौर्णिमा शिकून पुण्याला नोकरीला लागली, त्यालाही आठ महिने झाले. वर्षालीचं अकोल्याला यायचं तेवढं राहिलंय. बायकांचं आवरायला वेळ लागतोच.

३ डिसेंबर
धर्मपालनं निळं पिक दिलं. फार जाड. पत्र्यावर चणे ओतल्यासारखा आवाज. संकल्प: रोज एक तास रियाज. योग्य पिक नसल्यानं आज जमला नाही.

५ डिसेंबर
श्रीखंडाच्या झाकणातून पिक कापलं. तारेला लागताच वाकतं. झाकणासाठी आणलेलं अर्धा किलो श्रीखंड एकट्यानं संपवलं. रियाज नाही. पोट.

७ डिसेंबर, शनिवार
शर्टाच्या कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी! दोन सूर सुंदर आले. तिसऱ्याला पट्टी गिटारच्या भोकात पडली. अंगणात गिटार उलटी धरून तासभर हलवली. शेजारच्या दुर्गाबाईंनी विचारलं, काहून भाऊ, लेकरू जोजवून राहिले का? आठवड्यात घरी कोणी काही विचारलं ते एवढंच, म्हणून जरा सविस्तर उत्तर दिलं. मध्येच त्यांचा कुकर झाला.

९ डिसेंबर
करवंटी! नारळ फोडला, तुकडा दगडावर दोन तास घासला. नारंगीच्या तोंडात मारेल असं पिक झालं. कंपनीनं शिकावं. वर्षालीला फोन केला, बाराला येतो. म्हणाली, दुपारी या, चारले माझा शिवणक्लास रायते. म्हणजे वाट बघते आहे.

१२ डिसेंबर, सकाळी ९, एसटीत
गिटार मांडीवर. दोन किलो संत्री घेतली. कंडक्टर म्हणाला, अमरावतीले संत्री घेऊन चालले का भाऊ? लोकांना भावना कळत नाहीत.

संध्याकाळी ७, घरी
पूर्ण गाणं वाजवलं. एकदाच चुकलो. वर्षाली काजं करत होती, पण ऐकत होती. मग पिक दाखवलं, दहा दिवसांची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, तवा तर तुमी पिकनं वाजवतच नव्हते. आमच्या ओट्यावर बोटानं वाजवलं, बाबा उठतीन म्हणून हळूहळू. पिक लग्नानंतर आणलं. मग खोलीचं दार लावून वाजवत बसायचे, मी बाहेर एकटी.

मला हे आठवत नव्हतं. म्हटलं, आता बोटानं वाजवतो. तिनं घड्याळ पाहिलं. क्लासच्या पोरी येतीन आता, म्हणाली. चहा केला. संत्री सोलून मलाच दिली. कधी येतेस, असं विचारलं, तर म्हणाली, मी इथंच राहीन जी. मले बरं वाटते इथं. रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत काढली असती.

१३ डिसेंबर
ऑफिसला सुट्टी टाकली. रियाज केला नाही. पिक चांगलं आहे. वर्षाली येणार नाही. मला या घरात करमत नाही.